दाराच्या आतलं चित्र

अब्बा गेल्यावर त्यांचं लोखंडी कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं. कपाटात फार काही नव्हतंच. चार कुर्ते, एक शेरवानी, विम्याचे कागद, चष्म्याच्या जुन्या काड्या. पण डाव्या दाराच्या आतल्या बाजूला ते चित्र अजून होतं. खळीनं चिकटवलेलं, कडेनं पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यात झुरळांनी खाल्लेलं.

चित्रात एक माणूस चालला आहे. डोक्यावर उंच हॅट, गळ्यात लांबलचक मफलर, अंगावर ओव्हरकोट नाही. त्याच्या खांद्यावर एक लहान मुलगा बसलाय, आणि मुलाबरोबर कुबडी आहे. दोघंही खुशीत आहेत.

हे चित्र घरात कसं आलं ते सांगते. अब्बा सोलापुरात एका चादरींच्या दुकानात दिवाणजी होते. कीर्द-खतावणी, पावत्या, उधारीची वसुली, सगळं त्यांच्याकडे. दुकानात बांधाबांधीसाठी रद्दी विकत घेतली जायची. त्या रद्दीत एक दिवस कुठल्या तरी शाळेचं फाटकं इंग्रजी पुस्तक निघालं आणि त्यातलं हे पान अब्बांनी घडी न घालता, वहीत ठेवून घरी आणलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. चित्राखाली काय छापलंय हे त्यांनी कधी विचारलंही नाही. अम्मीला दाखवत एवढंच म्हणाले, "देखो, अपनेच जैसा है."

कारण आमच्या घरातही एक कुबडीवालं पोरगं होतं. माझा धाकटा भाऊ मुन्ना, दोन वर्षांचा असताना पोलिओ झालेला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. पल्स पोलिओ सुरू व्हायला १९९५ साल उजाडावं लागलं.

दादीनं चित्र भिंतीवर लावू दिलं नाही. ज्या घरात माणसांच्या तसबिरी असतात तिथे फरिश्ते येत नाहीत, असं ती म्हणायची. अब्बांनी वाद घातला नाही. चित्र कपाटाच्या दाराला आतून लावलं. दार बंद असलं की फरिश्त्यांना अडचण नाही, आणि रोज सकाळी कुर्ता काढताना अब्बांना ते दिसणार. दोन्ही बाजू सांभाळणारा हिशेब दिवाणजीलाच सुचतो.

पुढे मी इंग्रजी साहित्यात एम.ए. करत होते तेव्हा ग्रंथालयात हेच चित्र एका जाड पुस्तकात समोर आलं आणि मी जागच्या जागी थांबले. चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधला कारकून बॉब क्रॅचिट आणि त्याचा अपंग मुलगा टायनी टिम. चित्रकार फ्रेड बर्नार्ड. साल १८७८.

गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. स्क्रूज नावाचा कवडीचुंबक व्यापारी, नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे येणारी भुतं, आणि सकाळी बदललेला माणूस. बॉब हा त्याच्या कचेरीतला कारकून. पगार आठवड्याला पंधरा शिलिंग, मुलं सहा, कॅम्डेन टाउन भागात चार खोल्यांचं घर. टिमच्या पायांना लोखंडी चौकट आहे. आम्ही तिला कॅलिपर म्हणायचो. नाताळच्या सकाळी बाप त्याला चर्चमध्ये घेऊन जातो आणि येताना वाटभर त्याचा घोडा होतो. चित्र त्या क्षणाचं आहे.

सुट्टीत घरी आल्यावर मी अब्बांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांना भुतांमध्ये काही रस नव्हता. एका दिवाणजीनं दुसऱ्या दिवाणजीबद्दल विचारावेत तेच प्रश्न त्यांनी विचारले. पगार किती? भाडं धरून का वेगळं? मोठी मुलगी कमावते का? (कमावते. मार्था टोप्या-पोशाखांच्या दुकानात उमेदवारी करते.) सणाच्या दिवसाचा पगार कापतात का? मी म्हटलं, कापत नाही, पण काम न करता पैसे द्यावे लागतात म्हणून स्क्रूज कुरकुरतो. अब्बा म्हणाले, "म्हणजे बरा आहे." त्यांचे ईदचे दोन दिवस कापले जायचे.

मग मी सांगितलं की बॉबच्या शेगडीत एकच निखारा असतो आणि कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत, त्यामुळे बॉब थंडीत मेणबत्तीवर हात शेकतो. हे ऐकून अब्बा खूप हसले. त्यांच्या दुकानातल्या पंख्याचं बटण शेठजींच्या गादीमागे होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना फार पटली. क्रॅचिटांच्या घरात हंस भाजण्याएवढी भट्टी नाही. म्हणून तो पाववाल्याच्या भट्टीत भाजायला देतात आणि दोन धाकटी मुलं तो आणायला जातात. लंडनमधली कितीतरी गरीब कुटुंबं असंच करायची, कारण रविवारी आणि सणाला पाव भाजायचे नसले तरी भट्टी गरम असायची. आम्हीही ईदच्या आधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचो आणि नानखटाईचे पत्रे रांगेत ठेवून आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून डोळ्यात तेल घालून बसायचो.

मी शिकवायला लागले आणि शहाणी झाले. म्हणजे मला तसं वाटायला लागलं.

कारण 'कॅरल'च्या पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रत माझ्या हाती आली. पुस्तक १९ डिसेंबर १८४३ ला निघालं, आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. चित्रकार होता जॉन लीच. चित्रं एकूण आठ. चार धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि हातानं रंगवलेली, चार लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली. मी आठही चित्रं पाहिली, पुन्हा पाहिली. टायनी टिम त्यांत कुठेच नाही.

खांद्यावरचा मुलगा नाही, हंसाभोवती जमलेलं कुटुंब नाही, आई नाही, कुबडी नाही. बॉब एकदाच दिसतो, अगदी शेवटच्या चित्रात, तोही घरच्यांबरोबर नव्हे. सुधारलेल्या मालकाबरोबर शेकोटीपाशी, हातात गरम पेय. गरीब घरातल्या मायेची गोष्ट म्हणून जे पुस्तक जगभर गेलं, त्याच्या पहिल्या आवृत्तीत त्या घराचं एकही चित्र नाही.

मग मुलं आहेत कुठे? आहेत. दोन आहेत, आणि ती कुणाचीच नाहीत. नाताळच्या भुताच्या झग्याखालून दोन उपाशी, हाडकुळी पोरं बाहेर येतात. मुलगा म्हणजे अज्ञान आणि मुलगी म्हणजे दारिद्र्य. लीचनं ती काढली आणि मागे कारखान्याच्या इमारती आणि धुराडी काढली. धुराडी मजकुरात नाहीत, ती त्याची स्वतःची भर. आणि हा ठोकळा लाकडावर कोरणारा कारागीर होता विल्यम जेम्स लिंटन, स्वतः चार्टिस्ट. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चळवळीतला माणूस. त्याचं कोरकाम चालू असताना त्याच्या मनात काय होतं ते आपल्याला कळणार नाही, पण ती दोन पोरं मऊ हातानं कोरलेली वाटत नाहीत.

डिकन्सच्या मनातही आधी हीच पोरं होती. १८४३ च्या सुरुवातीला खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरचा सरकारी अहवाल त्यानं वाचला आणि गरिबांच्या मुलांसाठी एक पत्रक काढायचं ठरवलं. मग विचार बदलला. सप्टेंबरमध्ये तो लंडनमधल्या फील्ड लेनच्या फाटक्या मुलांच्या शाळेत जाऊन आला, आणि पत्रकाऐवजी गोष्ट लिहिली. तो स्वतः बारा वर्षांचा असताना बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेला होता, आणि हा पोरगा बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. कुटुंब फुटणं म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि त्या काळी कुटुंब फोडण्याचा कायदाच होता. १८३४ च्या गरीब कायद्यानंतर मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये जा, हा नियम झाला. आत गेलं की नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मुलगे-मुली वेगवेगळ्या विभागांत. मुद्दामच असं ठेवलं होतं, म्हणजे लोकांनी नाइलाज झाल्याशिवाय दार ठोठावू नये. साठीपुढच्या नवरा-बायकोला तरी एकत्र राहू द्यावं, ही सवलत १८४७ साली आली. वर्गणी मागायला आलेल्या दोघांना स्क्रूज विचारतो की वर्कहाऊस बंद पडलीत का, तेव्हा तो हेच विचारत असतो. आमच्याकडे फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो. नमाजानंतर दिला तर ती साधी खैरात. त्या दोघांनाही नाताळच्या आधीच पैसे हवे होते.

मग मी पुस्तकाची किंमत पाहिली. पाच शिलिंग. सोनेरी कडा, रंगीत चित्रं, चांगली बांधणी. हा थाट डिकन्सनंच हट्टानं करवून घेतला आणि त्यात एवढा खर्च झाला की पहिल्या सहा हजार प्रतींतून त्याला जेमतेम २३० पौंड मिळाले, अपेक्षा हजाराची होती. पाच शिलिंग म्हणजे बॉबच्या आठवड्याच्या पगाराचा बरोबर तिसरा हिस्सा. ज्याच्याबद्दल पुस्तक आहे त्याला ते विकत घेता येणार नव्हतं.

इथून माझं व्याख्यान तयार झालं, आणि मी ते बरीच वर्षं वर्गात दिलं. १८४३ चं चित्र खरं, कारण ते बिनमायबापाची पोरं दाखवतं आणि कारखान्याकडे बोट करतं. १८७८ चं चित्र गोड, कारण गरीब माणूस हसतोय, बाप प्रेमळ आहे, मग मालकाला झोप यायला काय हरकत? पोरं लिहून घ्यायची. अब्बांना मी हे कधी सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही, हे खरं कारण.

हे व्याख्यान मोडलं ते दुसऱ्या एका किमतीमुळे. बर्नार्डचं चित्र ज्या आवृत्तीत आलं ती चॅपमन अँड हॉलची 'हाउसहोल्ड एडिशन'. १८७१ पासून डिकन्सची सगळी पुस्तकं त्यांनी मोठ्या आकारात, दोन रकान्यांत, भरपूर चित्रं घालून काढली. चित्रांचे ठोकळे डॅल्झिएल बंधूंच्या कारखान्यात कोरले जायचे. सोनेरी कडा नाहीत, रंग नाही. आणि ती हप्त्याहप्त्यानं विकली जायची, दर आठवड्याचा अंक एक पेनीला. एका शिलिंगच्या बारा पेनी. बॉबच्या पगारात एकशे ऐंशी पेनी बसतात.

हे कळल्यावर मी खुर्चीत मागे टेकून बसले. पाच शिलिंगवालं पुस्तक घेणाऱ्यांना लीचनं उपाशी पोरं दाखवली, कारण ती त्यांनी बघायला हवी होती. एक पेनीचा अंक घेणाऱ्याला उपाशी पोरं दाखवून काय उपयोग? ती त्याच्या गल्लीतच होती. त्याला बर्नार्डनं दाखवला तो, खांद्यावर मुलगा घेतलेला कारकून. वर्कहाऊस अजून उभंच होतं, आणि हे घर अजून फुटलेलं नव्हतं. हा बाप मालकाला झोप लागावी म्हणून हसत नव्हता. कुणी तरी बॉब तो अंक हातात घेऊन बायकोला म्हणाला असेल, बघ, आपल्यासारखाच आहे.

सोलापूरच्या रद्दीत तेच घडलं होतं आणि मला ते कळायला वीस वर्षं लागली. व्याख्यान बदललं. पोरांना आता काय लिहून घ्यायचं ते कळत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण खांद्यावर बसणारा अजून बोललेला नाही.

मुन्ना आता पन्नाशीचा आहे. अपंगांच्या कोट्यातून त्याला एसटीडी बूथ मिळालं होतं, मोबाइल आल्यावर त्याचं झेरॉक्स आणि स्टॅम्पपेपरचं दुकान झालं. चाळीस दिवसांनंतर आम्ही दोघं कपाटासमोर बसलो होतो तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं, लीच, बर्नार्ड, शिलिंग, पेनी. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आपा, मला हे चित्र कधीच आवडलं नाही," तो म्हणाला.

मला माहीत नव्हतं. चाळीसेक वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

तो म्हणाला, ईदगाहला अब्बा त्याला खांद्यावर घेऊन जायचे तेव्हा सगळे बघायचे. म्हातारे थांबून त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे, हातात नोट द्यायचे आणि अब्बांकडे बघून माशाअल्ला म्हणायचे. शाबासकी अब्बांना, नोट त्याला. त्याला खाली उतरून कुबड्यांवर चालायचं होतं. वेळ लागला असता, जमात चुकली असती, म्हणून कुणी उतरवलं नाही. मग विचारलं, "तुझ्या त्या गोष्टीत पोरगा काय बोलतो?"

मी सांगितलं. टिम चर्चमधून येताना बापाला म्हणतो की लोकांनी आपल्याला बघितलं असेल तर बरं, कारण लंगड्यांना चालायला लावणाऱ्या येशूची त्यांना सणाच्या दिवशी आठवण होईल.

मुन्ना हसला. "हे पोराचं बोलणं नाही. पोराला कुणी बघू नये असंच वाटतं. हे लिहिणाऱ्याचं बोलणं आहे."

मी इतकी वर्षं हा भाग शिकवला आणि मला हे सुचलं नाही. मी म्हटलं की डिकन्सच्या हस्तलिखितात टिम जगला हे सांगणारं वाक्य नव्हतं, ते पुस्तक छापताना मागाहून घातलं. बहुतेक त्याला वाटलं असेल की वाचक विचारतील. मुन्ना म्हणाला, "बरं झालं घातलं. नाही तर कुबडी कोपऱ्यात ठेवलेली आणि घरचे रडताहेत, यावरच सगळे खूश झाले असते." गोष्टीत तेही दृश्य आहे, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. चालू नाताळचं भूत स्क्रूजला सांगतं की शेकोटीजवळची रिकामी जागा आणि जपून ठेवलेली कुबडीच आपल्याला दिसते.

थोड्या वेळानं मुन्ना म्हणाला, "आणि तू कुठे आहेस यात?"

मी चित्राकडे पाहिलं. मी आठ-नऊ वर्षांची होते, त्या वयापर्यंत मुलींना ईदगाहला नेत. अब्बांच्या मागे मी चालायचे, एका हातात मुन्नाच्या कुबड्या, दुसऱ्या हातात तिघांच्या चपलांची पिशवी. कुबड्या माझ्यापेक्षा थोड्याच लहान होत्या आणि पायात अडकायच्या. क्रॅचिटांच्या घरी मार्था आहे, बेलिंडा आहे, हंसासाठी धावणारी दोन छोटी आहेत, आणि उलटवून शिवलेला जुना झगा घालून त्यावर स्वस्तातल्या फिती लावलेली आई आहे. या चित्रात त्यांपैकी कुणी नाही. टिमची कुबडी टिमजवळच आहे. आमची माझ्याकडे होती.

"तुझे हात दुखायचे का?" त्यानं विचारलं.

"दुखायचे."

"मला वाटायचं तू त्या पळवून नेशील. मग मला कायमचं वरच बसावं लागेल."

आम्ही दोघंही हसलो. अम्मी आतून म्हणाली, कपाट आवरा, हसताय काय.

चित्र काढायचा मी प्रयत्न केला. ओल्या फडक्यानं कड सोडवून पाहिली, पण चाळीस वर्षांच्या खळीनं कागद पत्र्याला धरून ठेवला होता. हॅटचा थोडा भाग सुटला आणि मी हात मागे घेतला. कपाट विकायचं तर दार चित्रासकट जाणार, आणि ठेवायचं तर माझ्या फ्लॅटमध्ये जागा नाही. शेवटी मुन्नाच म्हणाला, दुकानात स्टॅम्पपेपर ठेवायला कुलूपवालं कपाट लागतंच.

आता ते तिथे आहे. गेल्या आठवड्यात मी गेले होते तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती. पाचशेचा, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र. तो खुर्चीवरून हात लांब करून डावं दार उघडतो, कागद काढतो, बंद करतो. हॅटच्या सुटलेल्या कोपऱ्यावर त्यानं सेलोटेप लावली आहे.